काठीवाला हाशिम

आमच्या तलावाच्या तुडमाचं बूच काढायला दोन माणसं लागतात, असं गावात सगळे समजतात. एकट्यालाही ते जमतं. मला ठाऊक आहे, कारण सतरा वर्षं मी ते एकट्यानं काढत आलो. आजवर हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या हाशिमला तर नाहीच.

तुडूम म्हणजे तलावातलं पाणी शेतात सोडायचं दगडी दार. पायऱ्यापायऱ्यांचं असतं, प्रत्येक पायरीत एक भोक आणि भोकात लाकडी बूच. कमरेइतक्या पाण्यात उतरून बूच उपटलं, की पाणी तलावाच्या पारेखालून, म्हणजे मातीच्या बांधाखालून, धानाच्या बांध्यांकडे, खाचरांकडे, निघतं. एकोडीच्या पलीकडचं आमचं गाव. गावाला हा एक लहानसा तलाव, आणि त्याच्या पाणीवाटपाच्या संस्थेचा मी सेक्रेटरी. नोकरी साकोलीच्या एका शाळेत कारकुनाची, पण गावात मला देवराम म्हणणारे थोडे आणि सेक्रेटरी म्हणणारे जास्त.

लिहायला बसलो ते मात्र हाशिमबद्दल. माझं मधेमधे येईल तेवढं येऊ द्या.

हाशिम सुदानचा. तिथल्या एका कॉलेजात शिकवायचा. पीएचडी करून परत यावं आणि तिथल्याच पोरांना शिकवावं, या करारावर त्याच्या सरकारनं फी आणि राहण्याखाण्याचा खर्च देऊन त्याला नागपूरच्या एका संस्थेत पाठवलं होतं. विषय होता पाण्याची वाटणी. कालव्यावरची माणसं ती कशी करतात आणि तलावावरची कशी करतात. कालव्यांचं सगळं लिहून झालं होतं, कारण तो कालव्यांच्याच मुलखातला, दोन नाइल नद्यांच्या मधला. तलावाचा एक हंगाम तेवढा उरला होता. त्यासाठी तो आमच्याकडे आला.

आला त्या दिवशी पानठेल्यावर जी चर्चा झाली ती मी कानांनी ऐकली आहे.

"कोन होय गा हा?"

"वेस्ट इंडीजचा बॉलर असंल."

"बॉलर आपल्या गावात कायले येईल?"

"आपली टीम पाहून आला असंल. दया आली असंल."

सव्वासहा फूट उंची, अंगावर मांस नाही, पायात चामडी चपला आणि खांद्यावर लाल-पांढरे पट्टे मारलेला बांबू. पोट्ट्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याच्या हातात चेंडू दिला. त्यानं दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, दगड भिरकावतात तसा तो भिरकावला. चेंडू विहाराच्या छपरावर गेला. तेव्हापासून त्याला बॉलर कोणी म्हणालं नाही. त्याचं नाव पडलं काठीवाला.

राहायला तो विहारालगतच्या बौद्ध मोहल्ल्यात, वनिताबाई मेश्राम यांच्या मागच्या खोलीत होता. वनिताबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता निवृत्त. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी प्रज्ञा लाखनीला शिक्षिका आहे, शनिवार-रविवार गावी येते. हाशिम मराठी शिकला ती वनिताबाईंच्या चुलीपुढे, त्यामुळे त्याला 'मला' म्हणता येत नसे, 'मले'च यायचं. नागपूरच्या हॉस्टेलात उचललेली हिंदी मधूनमधून डोकावायची. प्रज्ञा त्याला शुद्ध मराठी शिकवू बघायची. तो मान हलवायचा आणि वनिताबाईंसारखंच बोलायचा.

त्याची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे विचारपूस. त्याच्या देशात म्हणे भेटलेल्या माणसाला नुसतं 'बरं आहे का' विचारून पुढं जाणं म्हणजे अपमान. माणूस भेटला की तो काठी खाली ठेवायचा, उजवा हात छातीवर ठेवायचा आणि सुरू व्हायचा. "बरं हाय का? घरचे बरे हायत का? पोट्टे बरे हायत का? म्हातारी बरी हाय का? बैल बरे हायत का? धान कसा हाय?" आपण 'बरं आहे' म्हटलं की तो पुन्हा पहिल्यापासून विचारायचा, कारण पहिल्या खेपेला माणूस खरं सांगत नाही असं त्याचं मत. बसस्टँडपासून तलाव दहा मिनिटांवर. त्याला तासभर लागायचा. पानठेलेवाला गोपाल एकदा त्रासून म्हणाला, "हाशिमभाऊ, माझ्याकडं बैल नाहीत, म्हातारी मेली, लगन झालं नाही. तू माझ्यापाशी लवकर आटोपत जा." हाशिम हसला नाही. त्यानं तिथंच खाली बसून म्हातारी कधी गेली, काय झालं होतं, शेवटी कोण जवळ होतं, सगळं विचारून घेतलं. गोपालच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि एवढं त्याला कोणी विचारलं नव्हतं.

काठी त्यानं तुडमाच्या बाजूला तलावात रोवली होती. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला तो पाण्याची पातळी वाचायचा. आधी हात धुवायचा, उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा, आकडा तीनदा मोठ्यानं म्हणायचा आणि मग वहीत लिहायचा. रोज पाणी कोणाकडे गेलं, किती वेळ गेलं, हे तो काठीला विचारायच्या आधी माणसांना विचारायचा. त्याचे वडील कालव्याच्या दारावर राखणदार. चाळीस वर्षं त्यांनी दार उघडलं आणि मिटलं. त्यांनीच त्याला सांगितलेलं होतं, आधी माणसाला विचार, मग मोज. "अब्बा म्हन्ते, मोजल्यावर विचारलं तं माणसाले वाटते आपल्यावर शक हाय." हे तो ज्याला त्याला सांगायचा. मलाही सांगितलं.

भात त्याला आवडायचा, पण जीव ज्वारीत. एका रविवारी त्यानं वनिताबाईंकडून ज्वारीचं पीठ मागून घेतलं, दोन दिवस आंबवलं आणि तव्यावर कागदासारखं पातळ पसरवायला लागला. आपल्या मुलखातला पदार्थ सगळ्यांना खाऊ घालायचा म्हणून त्यानं मोहल्ल्यातली आठ-दहा माणसं बोलावली होती. मीही होतो. पहिलं तुटलं, दुसरं जळलं, तिसरं तव्याला चिकटलं.

वनिताबाई म्हणाल्या, "सरक. धिरडं होय हे."

"नाही मावशी, हे धिरडं नोहे."

"मग काय होय? गोल हाय, तव्यावर हाय, आंबट हाय. धिरड्याले आनखी काय शिंगं असतेत?"

त्यांनी आठ धिरडी काढली. हाशिमनं पहिला घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. मग म्हणाला, "आईपेक्षा चांगलं झालं. पन हे आईले सांगू नका." जणू फोन लावून सांगणारच होत्या वनिताबाई.

धानाच्या लावणीच्या, रोवण्याच्या दिवसांत तो बांधीत उतरला. आमच्याकडे रोवणा चालू असताना नवखा माणूस बांधावर आला की बायका त्याच्या पायांना चिखल फासतात आणि चहापाणी वसूल करतात. हाशिमला हे कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. तो सरळ बांधीत शिरला आणि म्हणाला, "चिखल मी स्वतःच लावून घेतो, चहा तुम्ही पाजा." मग परे, म्हणजे धानाची रोपं, हातात घेऊन ओळीत लागला. एवढा उंच माणूस कमरेत वाकला की त्याचं डोकं शेजारणीच्या खांद्यापलीकडे जायचं. तासाभरानं त्याची ओळ पाहून एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, हा तं धान नाही, रस्ता लावून राहिला. येथून यस्टी जाईल." दुसरीनं विचारलं, "तुमच्यात बायका रोवतेत का नाही?" तो म्हणाला, "आमच्यात पाऊसच नाही, तं रोवनार काय?" मग चिखलात उभा राहून त्यानं वाळवंटातून कालवा कसा जातो ते सांगितलं. रोवणा अर्धा तास थांबला. बांधी वनिताबाईंची होती, त्या ओरडल्या, "पुरं झालं तुझं वाळवंट. माहे परे सुकून राहिले."

त्यांची बांधी तलावापासून सगळ्यांत दूर. मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्याच बांध्या त्या टोकाला आहेत. पाळी ठरलेली, रोज एका भागाला पाणी, आणि हंगामाची शेवटची पाळी या शेवटच्या बांध्यांची. गुरुवारी तुडूम बंद. गुरुवारी बाजार असतो, गाव रिकामं होतं, आणि पाण्यावर कोणी उभं राहणार नसेल तर पाणी सोडायचं नाही, हा माझ्या वडिलांच्याही आधीचा नियम.

तो नियम मी मोडत होतो. गुरुवारी दुपारी गाव बाजारात गेलं की मी एक बूच काढायचो आणि तीन तास माझ्या बांध्या भरून घ्यायचो. पहिल्या वर्षी पाऊस कमी होता म्हणून केलं. दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला होता, तरी केलं. एवढ्याशा तलावाला दर आठवड्याचे तीन तास म्हणजे थोडे नव्हेत. दाणा भरायच्या वेळी, शेवटच्या पाळीला, तळाशी फक्त गाळ उरायचा. टोकाच्या बांध्यांत धान पोचट निघायचा. वनिताबाई म्हणायच्या, "आमच्यापर्यंत येईस्तोवर तलाव थकते." मी मान हलवायचो.

हाशिमही गुरुवारी वनिताबाईंबरोबर बाजारात जायचा. त्याला आलं, लवंगा आणि साखर लागायची. चहात चार चमचे साखर घालायचा. त्यामुळे माझी सवय त्या वर्षीही सुटली नाही. त्याची काठी तलावात उभी आहे, हे मला दिसत होतं. पण काठी सकाळी आणि संध्याकाळी वाचली जाते, मधल्या दुपारी काय होतं ते तिला कसं कळणार, असं मला वाटलं. एवढं साधं गणित मला कळलं नाही.

दिवाळीच्या आसपास तो माझ्या घरी आला. बैठकीत बसून आधी विचारपूस झाली, दोनदा. मग त्यानं चौकटीची वही उघडली.

"देवरामभाऊ, गुरुवारी तुडूम बंद राहते ना?"

"बंद म्हंजे बंद."

"मग तलाव गुरुवारी काहून उतरते? उन्हानं एवढं जाते." त्यानं करंगळीचं नख दाखवलं. "गुरुवारी एवढं." त्यानं बोटाचं अख्खं पेर धरलं. "दर गुरुवारी. सोळा गुरुवार."

त्याच्या आवाजात संशय नव्हता. खरंच विचारत होता. माझी बायको चहा घेऊन आली, तेवढ्यात मला उत्तर सुचलं.

"गाळाचा तलाव होय हा. काठी गाळात हलत असंल. अन् गुरुवारी तुले बाजाराची घाई. घाईत आकडा चुकतोच."

त्यानं गुरुवारच्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यानं वही मिटली. "असू शकते," तो म्हणाला. "मानूस कायले खोटं बोलंल? काठी तं लाकूड होय."

नागपूरचे त्याचे गाइड म्हणत होते, होळीपर्यंत प्रबंध जमा कर, एवढंतेवढं चालतं. हाशिमनं ऐकलं नाही. गावाचा सेक्रेटरी एक सांगतो आणि काठी दुसरं सांगते, असं कसं लिहू? आणखी एक हंगाम मोजतो, म्हणाला. त्यानं काठी उपटली, गाळाखालच्या मुरमापर्यंत खणून पुन्हा रोवली. खणायला मी त्याला सब्बल दिली.

होळी गेली. रोज्यांचा महिना होता. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी तो वनिताबाईंच्या अंगणात पाणी प्यायचा आणि मोहल्ल्यातलं कोणी ना कोणी त्याच्यासाठी भजी, पोहे, टरबूज घेऊन यायचं. अशाच एका संध्याकाळी त्याच्या देशात लढाई सुरू झाल्याची बातमी आली. गावात फोनला रेंज येते ती फक्त पारेवरच्या मोहाच्या झाडाखाली. तो तिथं जाऊन उभा राहिला आणि पुढचे कित्येक दिवस तिथंच दिसत राहिला, फोन कपाळाच्या वर धरून. राजधानीत त्याची बहीण होती. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज ऐकू आला तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून तिची विचारपूस सुरू केली, पहिल्यापासून, दोनदा.

पैसे बंद झाल्याचं मला वनिताबाईंनी सांगितलं. "सेक्रेटरीभाऊ, त्याच्या सरकारपाशी आता पैसे धाडाले मानूसच नाही म्हन्ते. हापीसच जळलं." मी विचारलं, फी? "मागच्या सालाची भरली हाय. या सालाची नाही."

मागच्या सालाची भरली होती. होळीला तो प्रबंध जमा करून मोकळा झाला असता. मी हे तिथंच, त्यांच्या दारात उभ्याउभ्या समजलो. मला समजायला वेळ लागला असं मी म्हणणार नाही.

हाशिमनं कोणाला काही सांगितलं नाही. पण गावात लपतं काय? आधी त्याचं दूध बंद झालं. मग चहातली साखर. "डॉक्टरनं मना केलं," म्हणाला. कोणता डॉक्टर ते गावाला माहीत नव्हतं. मग एक दिवस तो वनिताबाईंना म्हणाला, भाडं देणं जमणार नाही, मी विहारात झोपेन.

"मोठा आला विहारात झोपनारा! पाय भाईर निघतीन तुह्ये. लोकं अडखळून पडतीन. चूप बस अन् जेव."

फुकट जेवायचं नाही हा त्याचा हट्ट. व्हिसावर मजुरी घेता येत नव्हती, म्हणून तो मजुरी न घेता कामाला जायचा. बांध घालायला, काडीकचरा वेचायला, पोट्ट्यांना गणित शिकवायला. विचारपूस चालूच होती. फरक एवढाच पडला की आता लोकच त्याला आधी विचारायचे, आणि तोही पहिल्या खेपेला 'बरं हाय' म्हणायचा.

आणि तो गुरुवारी बाजारात जाईनासा झाला. बाजारात करणार काय? गुरुवारी दुपारी, सगळं गाव गेल्यावर, तो तुडमाजवळ पारेवर बसून वाचत राहायचा. मी पहिल्या गुरुवारी नेहमीप्रमाणे पारेवर गेलो. तो उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि माझ्या बैलांची चौकशी केली. मी परत आलो. त्या हंगामात मी एकदाही बूच काढलं नाही. मला उपरती झाली म्हणून नव्हे. तो तिथं बसलेला असायचा म्हणून.

त्या वर्षी शेवटच्या पाळीला तलावात पाणी होतं. टोकाच्या बांध्या भरल्या. धान असा आला की वनिताबाईंनी तळहातावर दाणे घेऊन आख्ख्या मोहल्ल्याला दाखवले. हा हाशिमचा पायगुण, असं ठरलं. कापणीच्या दिवशी त्यांनी त्याला बांधीच्या तोंडाशी उभं केलं आणि त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं.

प्रज्ञा चिडली. "आई, अंधश्रद्धा आहे ही. आपण कोण, आपल्याला काय शिकवलंय!"

"असू दे. एक वर्ष अंधश्रद्धा. पुढच्या वर्षापासून बंद."

सगळे हसले. हाशिम ओल्या पायांनी उभा होता, लाजून खाली बघत. मी बांधावर होतो. मीही हसलो.

दोन दिवसांनी तो माझ्या घरी आला. दोन्ही वर्षांच्या वह्या त्यानं शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. दुसऱ्या वर्षाचे गुरुवार इतर बंद दिवसांसारखेच होते, नखाएवढे. पहिल्या वर्षाच्या पानांवर त्यानं लाल रेघ मारली होती.

"देवरामभाऊ, तुम्ही बरोबर होते. काठीच गाळात हलत होती. मी तुमच्यापेक्षा लाकडाचं ऐकत होतो. मले माफ करा."

त्याचा हात छातीवर होता. मी म्हणालो, "होते असं कधी कधी." 

हिवाळ्यात लढाई त्याच्या स्वतःच्या गावाकडे सरकली. आई आणि राजधानीतून गावी आलेली बहीण सीमा ओलांडून इजिप्तकडे निघाल्या. वडील कालव्याचं दार सोडायला तयार नव्हते. पिकाला पाणी कोण देणार, म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. इकडे त्याचं संस्थेतलं नाव फी न भरल्यामुळे निघायच्या बेतात होतं, आणि नाव निघालं की व्हिसा संपणार. गाइड सज्जन माणूस. धडपड करत होते. जानेवारीत ते स्वतः नागपूरहून आले. वनिताबाईंच्या अंगणात खाटेवर बसले, मला बोलावून घेतलं. हाशिम उभा, प्रज्ञा दारात.

गाइड म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, एक वाट दिसते आहे. पहिल्या वर्षाची फी भरलेली आहे. त्या वर्षाच्या आकड्यांवर प्रबंध जवळजवळ तयार होता. ते आकडे धरता आले तर मागच्याच नोंदणीवर जमा करून घ्या, अशी विनंती मी करू शकतो. समिती ऐकेल असं मला वाटतं. अडचण फक्त गुरुवारची आहे. गुरुवारी पाणी का उतरलं याला काही कारण असेल, कसलंही, तर पहिलं वर्ष खरं ठरतं. तुम्हाला काही आठवतं का?"

अंगणात कोंबड्या होत्या. वनिताबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी कप उचलला, तो इतका गरम होता की खाली ठेवावा लागला. सगळे माझ्याकडे बघत होते. चार शब्द होते. 'मी बूच काढत होतो.' तेवढ्यानं त्याची पीएचडी झाली असती. आणि तेवढ्यानं मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराला कळलं असतं की सतरा वर्षं त्यांचा धान पोचट का निघाला.

मी तोंड उघडायच्या आत हाशिमच बोलला. "सर, त्यांनी तवाच सांगितलं होतं. काठी चुकली होती. त्यांना पुन्हा पुन्हा कायले विचारता? मोठे हायत ते."

गाइड माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो. काठीच."

एवढंच. महिन्याभरात त्याचं नाव निघालं. संस्थेनं वाट पाहिली नाही असं नाही. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. गावानं सभा घेतली. धान देऊ, राहायला जागा देऊ, असं सगळे म्हणाले. वनिताबाई म्हणाल्या, "तुम्ही लिहा ना कोनाले तरी सेक्रेटरीभाऊ, तुमाले चांगलं लिहिता येते." मी तीन पानांचा अर्ज लिहिला. त्यात तो कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, आमच्या गावचा मुलगा झाला आहे, असं सगळं लिहिलं. सगळं खरं होतं. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. लोक म्हणाले, सेक्रेटरीनं मन लावून लिहिलं.

तो गेल्यानंतरच्या हंगामात मी पुन्हा एकदा बूच काढलं. एकदा नाही, तीनदा. चौथ्या गुरुवारी पाण्यात उतरलो आणि बुचाला हात घालून तसाच उभा राहिलो. मग वर आलो. त्यानंतर काढलेलं नाही. याचं श्रेय मला कोणी देऊ नये.

हाशिम आता कैरोत आहे. आई आणि बहीण तिथं पोहोचल्या होत्या. भाजीच्या दुकानात पेट्या उतरवतो. वडिलांचा पत्ता अजून नाही. वनिताबाईंना दर रविवारी फोनवर बोलणं रेकॉर्ड करून पाठवतो, आमच्याच बोलीत, आणि प्रज्ञा ते मोहाखाली उभी राहून त्यांना ऐकवते. कालव्यांचा भाग तयार आहे, तलावाचा भाग पुन्हा नीट लिहायचा आहे, कुठली संस्था घेईल का बघतो, असं तो सांगतो. पहिलं वर्ष मात्र वगळावं लागेल, म्हणतो. माझी चौकशी करतो. त्याला हे माहीत नाही की दोन्ही वर्षं खरी आहेत. एका वर्षी चोरी होती आणि दुसऱ्या वर्षी नव्हती, आणि दोन्ही त्याच्या काठीनं बिनचूक टिपलं. त्याचे गाइड म्हणाले असते, याहून चांगला प्रबंध कोणता? त्याचा नंबर माझ्याकडे आहे. हे छापून आलं तर आधी प्रज्ञा वाचेल. ती वाचणारी मुलगी आहे. तिनं वाचायच्या आधी त्याला मी सांगायला हवं, एवढं मला कळतं.

त्याला शेवटचं पाहिलं ते लाखनीला. मीच मोटारसायकलवर नेऊन सोडलं, कारण सेक्रेटरीनंच सोडावं असं वनिताबाईंचं म्हणणं. हायवेवर ट्रकांची रांग होती, धूळ होती, तो माझ्यामागे बॅग मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचे गुडघे माझ्या कोपरांना लागत होते. बस यायला वीस मिनिटं होती. आम्ही उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे राहिलो. मी म्हणालो, "हाशिम, मले एक बोलायचं होतं."

"बोला ना भाऊ."

तो थोडा वाकला, माझ्या तोंडाजवळ कान आणला, कारण ट्रकांचा आवाज मोठा होता. त्याच्या कानामागचे केस पिकले होते. आला तेव्हा पिकलेले नव्हते. मी म्हणालो, "पोहोचल्यावर फोन कर."

"करीन ना. एवढंच?"

"एवढंच."

बस भरून आली. त्याला दारात जागा मिळाली, मग आत. खिडकीतून दिसला तेव्हा तो मान वाकवून उभा होता, छप्पर त्याच्यासाठी बुटकं होतं, आणि कोण्या बाईचं गाठोडं त्यानं आपल्या डोक्याशी वर धरून ठेवलं होतं, खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून. त्यामुळे त्याला हात हलवता आला नाही. तो नुसता माझ्याकडे बघून हसला. बस हायवेला लागली.

हाशिमचं मी एक वर्ष देणं लागतो, आणि शेवटच्या बांध्यांचं सतरा वर्षांचं पाणी.